धाकट्यांची शाळा आणि थोरलीचे शिक्षण

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले भाषण)



शाळा भरल्यावर हजेरी होते आणि उपस्थितीचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात मांडला जातो. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो सकाळचा असतो. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची पंगत उठल्यानंतर चौथी-पाचवीच्या वर्गांतील मुली पुन्हा एकदा मोजून पाहाव्यात. खुरपणीचे दिवस असतील, सोयाबीन कापणीला आले असेल, किंवा किनवट-हदगावाकडे कापसाची वेचणी चालू असेल, तर सकाळच्या आणि दुपारच्या मोजणीत बहुधा दोन-चारांचा फरक पडतो. दुसऱ्या दिवशी विचारणा केली, तर मुलगी खाली मान घालून सांगते, “बाळाला कोण सांभाळणार, गुरुजी? माय रानात गेली होती.”

ह्या उत्तरात शिक्षणशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. गावची अंगणवाडी दुपारी सुटते. शाळा सायंकाळी सुटते. आई दिवेलागणीला घरी येते. ह्या वेळांमध्ये जे तास मोकळे उरतात ते कोणाला तरी भरून काढावे लागतात, आणि ते भरून काढणारे माणूस म्हणजे घरातील नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण होय. सकाळी ती शाळेत असते ती धाकटा अंगणवाडीत असतो म्हणून. तो घरी आला की तिची शाळा संपते. कित्येक घरी हा हिशेब इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याला कोणी हिशेब म्हणतही नाही; मुलीची जात, ती बाळ सांभाळणारच, असे गृहीत धरले जाते.

प्राथमिक शिक्षकाच्या मनात अंगणवाडी ही बहुधा दुसऱ्या खात्याची गोष्ट असते. तिचे अधिकारी निराळे, तिची नोंदवही निराळी, तिचा शिधा निराळा. शाळेच्या आवारातच अंगणवाडीची खोली असली, तरी दोहोंच्या मध्ये न दिसणारी एक भिंत असते. पहिलीच्या वर्गाला दरवर्षी मुले पुरविणारी जागा, ह्यापलीकडे तिचा विचार होत नाही. वस्तुतः अंगणवाडीचा लाभ तीन वर्षांच्या बालकापाशी थांबत नाही. तो त्याच्या बहिणीपर्यंत, आईपर्यंत, आजीपर्यंत पोहोचतो, आणि तो पोहोचला नाही तर त्याचा तोटा प्राथमिक शाळेच्या पटावर उमटतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी कृतीने दाखवून दिली, त्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. परंतु शहरातील सुस्थित घरांच्या मुलांसाठी असलेले हे शिक्षण खेड्यात कसे न्यावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढे सारे आयुष्य ह्या कामाला दिले.

बोर्डीच्या बालवाडीत गावातील मुले येऊ लागली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. अस्पृश्यतेच्या भिंती तेव्हा आजच्याहून उंच होत्या. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडी उचलून त्या वाड्यात, घरांपुढील अंगणातच नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून आला. आज देशभर रूढ झालेल्या ह्या शब्दाच्या पोटात एवढा अर्थ साठलेला आहे, ह्याची आठवण अंगणवाडीच्या पाटीखालून रोज जाणाऱ्या शिक्षकालाही क्वचितच होते. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने त्याच्या घरापर्यंत जावे, हा तो अर्थ. आणि घरापर्यंत गेले की घर दिसते. आई बालक सोडून घाईने मजुरीला जाताना दिसते, खोकणारी आजी दिसते, कडेवर भाऊ घेऊन दाराआडून वर्गाकडे पाहणारी मुलगीही दिसते.

पुढे संस्थेचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वस्ती वारली आणि इतर आदिवासींची. थोरली मुले गुरे चारावयास जात, म्हणून कुरणातच शाळा भरविण्यात आली. तिचे नाव कुरणशाळा. मोठ्या मुली येत त्या धाकट्या भावंडांना घेऊन येत, किंवा त्यांच्यामुळे येतच नसत. ह्यावर ताराबाई-अनुताईंनी जो उपाय योजला तो आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि मोठ्या मुलांसाठी प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच आवारात आणण्यात आली. ह्या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले. थोरली बहीण भावाला पाळणाघरात ठेवून शेजारच्याच वर्गात बसू लागली. तो रडला तर तिला ऐकू येई, मधल्या सुट्टीत ती त्याला पाहून येई, आणि सायंकाळी त्याला घेऊन घरी जाई. धाकट्याला सांभाळण्याचे तिचे कर्तव्य कोणी निंद्य ठरविले नाही. फक्त त्या कर्तव्याने तिचे शिक्षण अडणार नाही एवढी व्यवस्था केली. गरीब कुटुंबाला उपदेश करण्यापेक्षा अशी व्यवस्था लावून देणे किती फलदायी असते, ह्याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल.

ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीचा अभ्यास केला होता, त्या मारिया माँटेसरींची पहिली शाळाही अशीच घराच्या पोटातून निघाली होती. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंत्सो ह्या मजूरवस्तीत एका मोठ्या चाळीतच ती भरली. आईबाप दिवसभर कामावर असत, मागे राहिलेली मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत, म्हणून इमारतीच्या चालकांनाच ह्या मुलांची सोय लावावीशी वाटली. हेतू फार उदात्त होता असे नाही. पण शाळा घरातच असल्यामुळे आईला येता-जाता तेथे डोकावता येई; बाईंशी आठवड्यातून एकदा तरी येऊन बोलावे, असा नियमच होता. मूल शाळेत शिकलेली गोष्ट घरी करू लागले आणि घरांच्या रीतीही पालटू लागल्या. माँटेसरींचे नाव निघाले की आपल्याकडे लाकडी ठोकळे व मण्यांच्या माळा आठवतात, ही खेदाची गोष्ट आहे. त्या शाळेतील साधनांइतकीच तिची जागाही विचार करण्यासारखी होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि ताराबाई-अनुताईंचा ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी व्यवहारात आला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण आणि मातांसाठी पोषण व आरोग्यशिक्षण अशा सहा सेवा तिच्यात ठरविण्यात आल्या. ह्या सहांकडे बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की योजनेचा आरंभच कुटुंबाच्या कल्पनेवर झालेला आहे. गर्भवती स्त्री तिच्यात आहे, स्तनदा माता आहे, सहा महिन्यांचे तान्हे आहे आणि सहा वर्षांचे बालकही आहे. खेड्यात मात्र तिला अजूनही कित्येक लोक ‘खाऊची शाळा’ म्हणतात. त्यात त्यांचा दोष थोडा. खाऊ तेवढा डोळ्यांना दिसतो.

न दिसणाऱ्या गोष्टींकडे थोडे वळू. एखादी सून पहिल्या बाळंतपणाहून सासरी येते. गावात तिच्या ओळखीचे फारसे कोणी नसते. घराबाहेर पडण्याला तिला कारण लागते, आणि बाळाचे वजन करून आणणे हे असे कारण आहे की ज्याला सासूचीही हरकत नसते. अंगणवाडीत तिला तिच्याच वयाच्या दोघी-तिघी भेटतात. बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, अंगावरचे दूध कमी येते तर काय करावे, हे प्रश्न ती डॉक्टरांना विचारणार नाही, पण तेथे विचारील. माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीची रेघ वर चालली की खाली, एवढे वाचावयास ती शिकते. अक्षर न येणारी बाई आलेख वाचू लागते, ही शिक्षकाने कौतुकाने पाहावी अशी गोष्ट आहे. ती पुढे पाच वर्षांनी त्याच बाळाचा हात धरून शाळेत येते तेव्हा पाटी-दप्तराच्या जगाला अगदीच अनोळखी राहिलेली नसते.

२०२२ सालापासून शाळेत दाखल होणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे आपल्या शाळांत होत आहेत आणि त्यांच्या निमित्ताने मातांचे गट झाले आहेत. कागदावरील गट आणि जिवंत गट ह्यांतील अंतर शिक्षकांना सांगावयास नकोच. जेथे गट जिवंत आहे तेथे अशिक्षित आईही तुरीच्या दाण्यांनी बेरीज शिकविते, चुलीपुढे बसून लहान-मोठ्या भाकरींचा क्रम लावावयास सांगते. तिला हे शिकविता येते हेच आजवर तिला कोणी सांगितलेले नव्हते. मात्र ह्या गटांची बैठक सकाळी अकराला ठेवली, तर मजुरीला जाणारी आई येणार नाही. येतील त्या ज्यांना फारशी गरज नाही त्या. सायंकाळी, वस्तीवरच, मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात पाऊण तासाची बैठक घेतली तर चित्र पालटते. आणि अशा वेळी बापालाही बोलवावे. आपल्या सर्व पत्रकांत ‘माता’ असा शब्द असल्यामुळे बापांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आहे. मूल सांभाळणे हे आईचे, आणि ती नसेल तर मुलीचे, हा समज ज्या घरांत घट्ट आहे, तेथे मुलीची दुपार सोडवावयाची तर बापाशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

आजीचेही असेच आहे. आई रानात गेल्यावर नातवंडे आजीपाशी असतात, पण आजीची दृष्टी मंदावलेली, गुडघे धरलेले. पळणाऱ्या पोरामागे ती धावू शकत नाही. अशी आजी जर नातवाला घेऊन अंगणवाडीत येऊन बसली, तर तिला हाकलू नये. तिच्या तोंडी ओव्या आहेत, उखाणे आहेत, कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टी आहेत, आणि छापील गोष्टींपेक्षा त्या मुलांना अधिक रुचतात असा सर्वत्र अनुभव आहे. तिलाही चार माणसांत बसावयास मिळते. आरोग्यसेविका येते त्या दिवशी तिच्या डोळ्यांची चौकशी होते.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती घरातील भाषा. धर्माबाद, बिलोली, देगलूर ह्या पट्ट्यात कित्येक घरी तेलुगू बोलतात. देगलूर, उदगीर, देवणी, निलंगा ह्यांच्या सीमेवरील गावांत कन्नड ऐकू येते. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरांत गोंडी व कोलामी, आणि गावोगावी दखनी उर्दू. अंगणवाडी सेविका ही बहुधा त्याच गावची रहिवासी असते, त्यामुळे रडणाऱ्या मुलाला त्याच्याच बोलीत जवळ घेता येईल असे माणूस तेथे असते. पहिलीत आल्यावर तेच मूल मुके होते. ते मंदबुद्धीचे नसते. त्याचे शब्द उंबऱ्याबाहेर राहिलेले असतात. शिक्षकाने सेविकेपाशी बसून त्या बोलीतील पन्नास-साठ शब्द लिहून घेतले, पाणी, भूक, लघवी, दुखणे, आई, ये, बस, तर पहिल्या महिन्यात मुलाचे अश्रू निम्म्याने कमी होतील. ह्याचा परिणाम घरावरही होतो. ज्या शाळेत आपली भाषा हसण्यावारी नेली जाते त्या शाळेत येण्यास आईबाप कचरतात. जेथे गुरुजी दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलतात तेथे ते आपण होऊन थांबतात.

आता ज्या प्रश्नापुढे ह्या सर्व सूचना तोकड्या पडतात त्या प्रश्नाकडे यावयाचे आहे. दसरा उलटला की मुखेड, कंधार, लोहा, किनवट, तसेच जळकोट, अहमदपूर, रेणापूर ह्या भागांतील तांडे व वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी कुटुंब ऊसतोडीला निघते. ह्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव मिळावे, ह्यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटे अंधारात फडावर जावे लागते. वाहन रात्री आले तर रात्रीही भरावे लागते. ह्या जोडीबरोबर जे तान्हे असते ते कोपीत किंवा बांधावर पाचटाच्या सावलीत राहते, आणि त्याच्यापाशी बसण्यासाठी घरातील मुलगी नेली जाते.

ही मुले गावीच राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालविली जातात. त्यांचा लाभ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मिळतो, आणि ज्या शिक्षकांनी ती कष्टाने चालविली त्यांनी शेकडो मुलांचे वर्ष वाचविले आहे. परंतु यादी करताना एक गोष्ट निसटते. मुलगा वसतिगृहात राहतो, मुलगी जाते, असे का होते? मुलीवर आईबापांचे प्रेम कमी असते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि मुलीला मागे ठेवण्याची धास्तीही असतेच. तथापि पुष्कळदा ह्याचे उत्तर दोन वर्षांच्या धाकट्यात असते. धाकटा सहा वर्षांखालील, म्हणून वसतिगृहाच्या नियमात बसत नाही. तो आईबरोबर जाणारच. आणि तो जाणार म्हणून ती जाणार. म्हणजे धाकट्याची सोय नाही म्हणून थोरलीची सोय असूनही नसल्यासारखी होते. वसतिगृहाचा जागर करताना शिक्षक घरोघरी जातात, तेव्हा “मुलीला ठेवा” एवढेच न म्हणता “धाकट्याचे काय करणार आहात, भाऊ?” असे विचारले पाहिजे. घरी धडधाकट आजी असेल आणि अंगणवाडी नियमित चालत असेल, तर तीन-चार वर्षांचे मूल आजीपाशी राहू शकते. सकाळी अंगणवाडीतील गरम आहार, सायंकाळी आजीच्या हातची भाकरी, एवढ्यावर दोन भावंडांचा हंगाम गावी निघतो. अगदी तान्ह्याचे मात्र असे करता येत नाही व करूही नये. त्याचे स्थान आईपाशी आहे.

ते तान्हे जेथे जाते तेथेही शिक्षक आहेत, आणि कित्येकदा ते ह्याच दोन जिल्ह्यांतील असतात. आपले जिल्हे मजूर पाठवितात तसे घेतातही. मांजरा काठच्या कारखान्यांच्या परिसरात आणि अर्धापूरकडे हंगामात बाहेरच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेर माळावर कोपी पडतात. त्या दिसूनही न दिसल्यासारख्या होतात, कारण त्या आपल्या पटावरच्या नसतात. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. त्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला अंगणवाडीतील आहाराचा हक्क दिला. मूल ज्या गावी मुक्कामास आहे त्या गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव घेता येते. २०२१ पासून वापरात असलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे. सहा वर्षांवरील मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. पण कोपीतल्या आईला ह्यातील काहीच ठाऊक नसते. तिला सांगावयाचे कोणी? शाळेपासून माळ फार तर एक मैल असतो.

बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी हाच प्रश्न १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन ह्यांनी हाती घेतला. मोबाइल क्रेशेस ह्या संस्थेने कामाच्या जागीच तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्यापेक्षा मोठ्यांसाठी बालवाडी आणि शाळेच्या वयाच्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. कोसबाडची विकासवाडी आणि दिल्लीतील हे काम, दोहोंचा मार्ग एकच झाला हे पाहण्यासारखे आहे. जेथे जेथे कोणी गरीब कुटुंबाच्या दारात उभे राहून विचार केला, तेथे तेथे वयाप्रमाणे पाडलेले कप्पे मोडावे लागले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद होती. म्हणजे सांभाळ हे मजुरीच्या योग्यतेचे काम आहे, ही गोष्ट कायद्यानेही मान्य केलेली होती. थोरली बहीण तेच काम विनामूल्य करते, आणि वर शाळेत नापसंतीचे शब्द ऐकते.

अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये २०२२ पासून आहे. ती प्रत्येक गावी आलेली नाही. मोठ्या तांड्यावर अंगणवाडीच नसेल, तर तेथील लोकांनी ती मागावयाची असते; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मधील आदेशात सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीला मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे असे म्हटले आहे. चाळीस मुलांची यादी तांड्यावर कोण करून देणार? नायक-कारभाऱ्यांना बोलावून, एका रविवारी, शिक्षकच ती करून देऊ शकतो.

तोवर जे हाती आहे त्यातच मार्ग काढावा लागेल, आणि तो मुख्यतः वेळापत्रकाचा मार्ग आहे. शाळा व अंगणवाडी एका आवारात असतील, तर सुगीच्या महिन्यांत दुपारनंतर धाकट्या भावंडांना शाळेच्या एका ओसरीवर झोपू द्यावे. एखादी आजी किंवा मातागटातील एखादी बाई तेथे बसेल. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर दोन सतरंज्या आणि एक पाण्याचा माठ मिळेल. वर्गात मूल घेऊन बसलेल्या मुलीला बाहेर काढू नये. शिस्तीचा भंग होतो असे काही मुख्याध्यापकांचे मत असते; परंतु रिकाम्या बाकाने कोणती शिस्त पाळली जाते, हेही त्यांनी सांगावे.

ह्या सर्वांत सेविकेशी वागण्याची रीत फार महत्त्वाची आहे. ती मानधनावर काम करते. वजने, नोंदी, आहार, घरभेटी, सर्वेक्षणे, बैठका ह्यांच्या ओझ्याखाली तिचा दिवस जातो, आणि त्यातून उरलेल्या वेळात तिने मुलांना शिकवावे अशी अपेक्षा असते. शिक्षकाने तिच्यावर हुकूम सोडले तर ती ऐकून घेईल व काहीच होणार नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर “ताई, थोडे बसू या” असे म्हणून दोघांनी आपापल्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर पुष्कळ होते. तिच्याजवळ घरांची माहिती आहे. कोणत्या घरी बाळंतपण जवळ आले आहे, कोणाच्या बाळाचे वजन घसरले आहे, कोणी उचल घेतली आहे, हे तिला शिक्षकाच्या आधी कळते. शिक्षकाजवळ मुलींच्या दुपारच्या गैरहजेरीची नोंद आहे, किंवा असावयास हवी. ही दोन पत्रके एकत्र वाचली की कोणत्या मुलीचे शिक्षण पुढील तीन महिन्यांत धोक्यात येणार आहे हे आधीच दिसू लागते. बाळंतपण होण्यापूर्वीच त्या घरी जाऊन बोलणे सोपे असते. मुलगी घरी बसल्यावर तिला परत आणणे कठीण.

ह्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतील शाळांनी निदान एवढे करावे. घटस्थापनेपूर्वी शिक्षक व सेविका ह्यांनी मिळून वस्तीवार यादी करावी. तीत केवळ शाळेतील मुलांची नावे नसावीत. घर हे एकक धरावे. घरात कोण जाणार, कोण राहणार, सहा वर्षांखालील किती, त्यांना कोण सांभाळणार, हे चार रकाने पुरेत. जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक आणि माता व बाल संरक्षण कार्ड ही दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यावीत आणि ती कोठे दाखवावयाची हे तिला तोंडी समजावून सांगावे. शाळेचा व अंगणवाडीचा दूरध्वनी क्रमांक पिशवीवर मोठ्या आकड्यांत लिहावा.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास टोळ्या परततात. तोपर्यंत ‘पहिले पाऊल’चा पहिला मेळावा उरकून गेलेला असतो आणि परतलेली साडेपाच-सहा वर्षांची मुले कोणत्याच यादीत नसतात. त्यांनी खडू हातात धरलेला नसतो, पण कोणत्या शेतात किती गाड्या भरल्या हे त्यांना मोजता येत असते. जूनमधील मेळाव्याच्या आधी अशा मुलांच्या घरी पुन्हा एक फेरी व्हावी, आणि ती फेरी करताना सोबत सेविका असावी. आई तिला नावाने ओळखते.